सायकलचा हब : रचना, झीज आणि दुरुस्ती

प्रस्तावना

सायकलच्या चाकाच्या मध्यभागी असलेला हब हा पोलादी तारांना धरून ठेवणारा पोकळ नळीसारखा भाग आहे. त्याच्यातून आरपार एक्सल गेलेला असतो. एक्सल चिमट्यात नटांनी घट्ट आवळलेला असल्यामुळे फिरत नाही. त्याच्याभोवती हब आणि हबबरोबर सगळे चाक फिरते. फिरणारा हब आणि स्थिर एक्सल यांच्यामध्ये दोन्ही टोकांना पोलादी छर्र्यांची एकेक रांग असते. चालवणाऱ्याचे वजन, कॅरिअरवरचे ओझे आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा दणका शेवटी या छर्र्यांवर येतो. एका वेळी तर रांगेतल्या खालच्या बाजूच्या दोन-तीन छर्र्यांवरच तो भार असतो. बरीच वर्षे चाललेला हब खडखडतो, डुगतो किंवा जड फिरतो याचे मूळ बहुतेक वेळा या दोन रांगांच्या आसपास सापडते.

साध्या काळ्या सायकलचा हब वाटी-कोन पद्धतीचा असतो. हबच्या दोन्ही टोकांना आतून गोलाई असलेली पोलादी वाटी ठोकून बसवलेली असते. एक्सलच्या आट्यांवर समोरून कोन फिरवत आणला की वाटी आणि कोन यांच्यामध्ये छर्रे पकडले जातात. कोन किती आत घ्यायचा हे हाताने ठरवता येते. ही रचना झीज गृहीत धरूनच केलेली आहे. थोडी झीज झाली की कोन जरा आत घेऊन ती भरून काढता येते. जास्त झाली तर कोन, छर्रे आणि एक्सल हे स्वस्त सुटे भाग बदलता येतात. हबची नळी, तिच्यात ओवलेल्या तारा आणि रीम मात्र तशाच राहतात. जुना हब नीट करणे म्हणजे रचनेतच ठेवलेली ही सोय वेळेवर वापरणे होय. वेळ टळली तर झीज स्वस्त भागांवरून महाग भागांवर सरकते, आणि मग दुरुस्तीला अर्थ उरत नाही.

ही रचना हळूहळू घडत गेली. जूल स्युरिरे या पॅरिसमधल्या सायकल कारागिराने १८६९ मध्ये छर्र्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी अशा बेअरिंगच्या सायकलवर जिंकली. पुढे १८७७ मध्ये बर्मिंगहॅमच्या जोसेफ हेन्री ह्यूजेस यांच्या पेटंटात बेअरिंगची जुळवणी कमी-जास्त करण्याची सोय आली. अडचण राहिली ती छर्र्यांची. सगळे छर्रे तंतोतंत गोल आणि एकाच मापाचे नसतील तर मोठ्या छर्र्यावर भार एकवटतो आणि तो लवकर फुटतो. जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ मध्ये छर्रे घासून सारख्या मापाचे करणारे यंत्र बनवले आणि चांगले छर्रे मोठ्या संख्येने मिळू लागले. हबमधले सगळे छर्रे एकाच वेळी आणि एकाच पुडीतले घालावेत, हा आजचा दुकानातला नियम त्याच कारणावर उभा आहे.

मराठी मुलखात सायकल आणि तिची दुरुस्ती यांचे नाते यंत्रोद्योगाच्या सुरुवातीपर्यंत पोहोचते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाला. चारा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर त्यानंतर आले, आणि किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली. पुढच्या काळात मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. बर्मिंगहॅमच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या भागीदारीत मद्रासजवळ टीआय सायकल्स १९४९ मध्ये निघाली, तर आसनसोलच्या सेन-रॅलेचा संबंध नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीशी होता. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ मधली आणि लुधियानाची हीरो १९५६ मधली. या कारखान्यांनी मूळ इंग्रजी मापे उचलली. त्यामुळे देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारल्यावरही साध्या सायकलचे छर्रे, एक्सल आणि आटे इंचातच राहिले. चाळीस वर्षांपूर्वीच्या हबला आजही तालुक्याच्या बाजारात कोन मिळतो, तो या एकसारख्या मापांमुळे.

बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले जानेफळ हे गाव या विषयाची गरज नेमकी दाखवते. जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग करतात. जानेफळ घाटावर येते. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा घाटाखालून जातो; घाटावरच्या गावांची भिस्त पहिल्यापासून रस्त्यावर राहिली. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या या भागात सायकल पांदणीतून शेतात जाते आणि डांबरी रस्त्याने बाजाराला येते. कॅरिअरवर चाऱ्याचा भारा, खताची गोणी किंवा फवारणीचा पंप असतो, हँडलला दुधाची कॅन असते. कंपनीने कल्पना केली असेल त्याहून जास्त भार मागच्या हबवर पडतो.

त्यात इथली जमीन. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली काळी माती पाणी लागले की फुगते आणि चिकट होते, वाळली की तिला भेगा पडतात आणि वर बारीक धूळ सुटते. पावसाळ्यात ही माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरते, कोनाच्या कडेला लिंपली जाते आणि पाण्याबरोबर आत शिरते. उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, ग्रीस पातळ होऊन कडेला येते आणि उडणारी धूळ त्यावर बसते. धूळ आणि ग्रीस मिळून जो लगदा होतो, तो पोलादाला घासणाऱ्या पॉलिश पेस्टचेच काम करतो. मुरमाच्या रस्त्यावरचे बारीक कण त्याहून कठीण असतात आणि छर्र्यांच्या वाटेवर ओरखडे उठवतात.

हब किती चालतो याचा साधा हिशेब करता येतो. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत दिली जाते. पाच किलोमीटरवरून ये-जा म्हणजे रोजचे दहा किलोमीटर. २८ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो, म्हणजे रोज साडेचार हजारांच्या आसपास फेरे होतात. वर्षाला शाळेचे २०० दिवस धरले तर फेऱ्यांची संख्या नऊ लाखांच्या जवळ जाते. चाक लहान असेल तर त्याहून अधिक. इतके फेरे चांगला हब सहज पेलतो. कोरड्या किंवा मातीने भरलेल्या हबला मात्र ते जड जातात.

साध्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंचाचे, म्हणजे ४.७६ मिलिमीटरचे छर्रे साधारणपणे प्रत्येक बाजूला १० असतात. मागच्या हबमध्ये १/४ इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे छर्रे प्रत्येक बाजूला ९ असतात. पुढचा एक्सल ५/१६ इंच जाडीचा, मागचा ३/८ इंच. दोन्हींवर इंचाला २६ आटे असतात. कोनाचा एक पूर्ण फेरा तो एक मिलिमीटरला किंचित कमी इतका आत किंवा बाहेर सरकवतो. फेऱ्याच्या आठव्या भागाने जागा बदलते ती मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी. जुळवणी एवढ्या नाजूक अंतराची असते. जुन्या काही हबांना नळीच्या मध्यावर तेल सोडण्यासाठी भोक असते आणि त्यावर पत्र्याची स्प्रिंगसारखी क्लिप असते. त्यातून तेल सोडल्यास चाक तात्पुरते हलके होते, पण तेच तेल आतले ग्रीस धुऊन बाहेर काढते. म्हणून अशा हबला एक तर ठरावीक दिवसांनी तेल द्यावे, नाही तर ग्रीस भरून भोक बंद ठेवावे. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. एक्सल फिरत नसल्यामुळे भार नेहमी कोनाच्या खालच्याच बाजूवर पडतो. वाटी फिरत असल्याने तिच्या पूर्ण गोलाईवर तो वाटला जातो. शिवाय कोनाची बाहेर फुगलेली गोलाई छर्र्याला अगदी थोड्या जागेत टेकते, तर वाटीची आत वळलेली गोलाई छर्र्याला काहीशी कवेत घेते. या दोन कारणांनी कोन सर्वात आधी जातो, त्यानंतर छर्रे, आणि वाटी शेवटी. कोन आणि वाटी यांचे पोलाद वरच्या पातळ थरापुरतेच कडक केलेले असते. हा थर फुटून खड्डा पडला की आतले मऊ पोलाद उघडे होते आणि पुढची झीज झपाट्याने होते. त्यामुळे खड्डे पडलेला कोन कानशीने घासून गुळगुळीत करण्यात काही फायदा नाही. कडक थर उरलेलाच नसतो.

बिघाडाची कारणे चार. कोन सैल असला तर छर्रे आपल्या जागी न राहता आदळतात आणि चाक डुगते. कोन जास्त आवळलेला असला तर छर्रे घरंगळण्याऐवजी घासले जातात आणि थोड्याच दिवसांत वाटेवर खड्डे पडतात. ग्रीस संपले किंवा वाळले तर धातूवर धातू चालतो. पाणी किंवा चिखल आत गेला तर गंज धरतो. यांपैकी सर्वाधिक नुकसान जास्त आवळलेला कोन करतो, कारण तो बाहेरून लक्षात येत नाही. सैल चाक डुगून आपली तक्रार करते. आवळलेले चाक सरळ दिसते आणि आतून खराब होत राहते.

हब खोलण्यापूर्वी तपासणी करावी. सायकल उलटी ठेवून चाक फिरवावे आणि चिमट्याला हात लावून कंप जाणवतो का ते पाहावे. रीम चिमट्याजवळ धरून डावी-उजवीकडे हलवावी. हबपाशी टकटक झाली तर कोन सैल आहे किंवा एक्सल तुटलेला आहे. रीम फिरताना एकाच ठिकाणी ब्रेकच्या गुटक्यांना लागत असेल तर तो तारांचा दोष आहे. चाकाचा ‘आऊट’, म्हणजे वाकडेपणा, काढण्याचे काम वेगळे. चाक एका फेऱ्यात ठरावीक जागी अडकत असेल तर एखादा छर्रा फुटला असण्याची शक्यता असते.

खोलण्यासाठी फार हत्यारे लागत नाहीत. नटांसाठी पाने, कोनासाठी पातळ पाना, स्क्रू ड्रायव्हर, रॉकेल किंवा डिझेल, सुती चिंध्या आणि सुटे भाग ठेवायला एक ताटली एवढे पुरते. मागच्या एक्सलवर स्टँड, कॅरिअरचे आणि मडगार्डचे पाय, वायसर आणि नट अशी रांग असते. ते काढताना त्याच क्रमाने ताटलीत मांडावेत, कारण वायसर चुकीच्या बाजूला गेला तर चाक चिमट्यात तिरके बसते. कोन काढताना चाक आडवे धरावे, म्हणजे छर्रे खाली सांडत नाहीत. प्रत्येक बाजूचे छर्रे मोजून वेगळे ठेवावेत. धूळ अडवणारी पत्र्याची टोपी पातळ असते. ती वाकली तर पुन्हा नीट बसत नाही आणि माती आत जायला वाट मिळते.

धुतल्यावरच खरी तपासणी होते. जुने ग्रीस निघाल्याशिवाय खड्डा दिसत नाही. कोनावर छर्र्यांच्या वाटेचा एकसारखा चकचकीत पट्टा असेल तर तो वापरण्याजोगा आहे. पट्ट्यात टोचल्यासारखे ठिपके किंवा खवले दिसले तर कोन बदलावा. वाटीत बॉलपेनचे टोक हलके फिरवल्यास डोळ्यांना न दिसणारे खड्डे हाताला कळतात. छर्रे धूसर झाले असतील किंवा त्यांच्यावर ओरखडे असतील तर सगळेच नवे घालावेत. जुन्यांमध्ये दोन-चार नवे मिसळले की झिजलेल्या छर्र्यांपेक्षा किंचित मोठे असलेले नवे छर्रेच सगळा भार घेतात. एक्सल सपाट काचेवर लोटून पाहिला की वाक लगेच कळतो. वाकलेला किंवा आटे गेलेला एक्सल सरळ करण्यापेक्षा बदलणे बरे, कारण त्याची किंमत अगदी कमी असते.

कोन बदलताना तो त्याच घडणीचा आहे ना ते जुन्याशेजारी धरून पाहावे. आटे जुळले तरी गोलाई वेगळी असू शकते. तशा वेळी छर्रा वाटेच्या मध्यावर न चालता कडेला टेकतो आणि नवा कोन जुन्यापेक्षा लवकर खराब होतो. वाटीला खड्डे असतील तर तीही बदलता येते. हबच्या दुसऱ्या बाजूने लोखंडी कांब घालून तिला चहूबाजूंनी थोडेथोडे ठोकत बाहेर काढावे आणि नवी वाटी लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून सरळ बसवावी. ती तिरकी बसली तर पुढची कोणतीही जुळवणी नीट होत नाही.

जोडणी करताना सगळे भाग पूर्ण कोरडे हवेत, कारण रॉकेलचा अंश राहिला तर नवे ग्रीस पातळ होते. वाटीत ग्रीसचा थर द्यावा आणि त्यात छर्रे एकेक करून बसवावेत. ग्रीस त्यांना जागी धरून ठेवते. रांगेत साधारण एका छर्र्याच्या आतली जागा मोकळी राहिली पाहिजे. जबरदस्तीने जास्तीचा छर्रा बसवला तर ते एकमेकांवर घासतात. जाळीत बसवलेले छर्रे घालायला सोपे असतात, पण जाळीमुळे त्यांची संख्या कमी होते आणि प्रत्येकावर भार वाढतो. जड ओझ्याच्या सायकलला सुटे छर्रेच चांगले. लिथियमचे बहुउपयोगी ग्रीस या कामाला योग्य असते. ते पाण्याला टिकते आणि उन्हाने सहज वाहत नाही. त्याचा वरचा थर कोनाच्या कडेला राहू दिला तर तोच धूळ अडवतो. अधूनमधून तो पुसून नवा द्यावा.

जुळवणी डाव्या बाजूच्या कोनाने करतात. उजवीकडचा कोन पक्का ठेवलेला असतो. चाक पुढे फिरताना छर्र्यांची ओढ उजवीकडच्या कोनाला आवळण्याच्या दिशेने असते, म्हणून जुळवणीचा कोन तिकडे असल्यास चाक चालता-चालता जॅम होऊ शकते. डावा कोन आधी हाताने टेकेपर्यंत आणावा, मग किंचित मागे घ्यावा. लॉकनट आवळताना कोन थोडा आत सरकतो, हे आधीच धरून चालावे. जुन्या अनेक सायकलींच्या पुढच्या हबला लॉकनट नसतो. चाक चिमट्यात बसवून, कोन पातळ पान्याने धरून बाहेरचा नट आवळावा लागतो. जुळवणी बरोबर झाल्याची खूण सोपी आहे. चाक उचलून सोडले की व्हॉल्व्हच्या वजनाने ते सावकाश झुलत थांबते, आणि रीम बाजूला हलवली तर टकटक होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नसतील तर कोन, वाटी किंवा एक्सल यांपैकी एकात दोष राहिला आहे.

मागच्या हबची एक खास अडचण आहे. उजव्या बाजूला फ्रीव्हील हबच्या आट्यांवर बसते, त्यामुळे त्या बाजूचे बेअरिंग चिमट्यापासून बरेच आत जाते. बेअरिंग आणि चिमटा यांच्यामधला एक्सलचा भाग आधाराशिवाय राहतो आणि जड ओझ्याने तिथेच वाकतो किंवा तुटतो. एक्सल पुन्हा पुन्हा तुटत असेल तर फक्त तो बदलून भागत नाही. चिमट्याच्या खाचा समोरासमोर आहेत का आणि ओझे किती ठेवले जाते, हेही पाहावे लागते. फ्रीव्हील पायडल मारताना अधिकाधिक घट्ट होत जाते, म्हणून ते काढायला त्याच्या खाचांत बसणारे हत्यार लागते. छेनीने ठोकल्यास खाचा फुटतात आणि मग ते फोडूनच काढावे लागते. उजव्या बाजूची तुटलेली तार बदलायची असेल तरी फ्रीव्हील काढावेच लागते. त्यामुळे ही दोन्ही कामे एकाच वेळी केलेली बरी.

दुरुस्तीचे वेळापत्रक इथल्या ऋतूंवर ठरते. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. त्याआधी ग्रीस बदलले तर पावसाळ्याचे पाणी ताज्या थराला लागते. सोयाबीनची सोंगणी झाली आणि रस्ते वाळले की दुसऱ्यांदा खोलून चिखल आणि गंज पाहावा. सायकल हबापर्यंत नाल्याच्या पाण्यातून गेली असेल तर वेळापत्रकाची वाट न पाहता हब उघडावा. नवे कोन किंवा वाट्या घातल्यावर त्या आठवडाभराच्या चालीत आपल्या जागी बसतात आणि थोडा सैलपणा येतो. तेव्हा जुळवणी एकदा पुन्हा तपासणे जरुरीचे असते.

प्रत्येक हब वाचवण्याजोगा नसतो. तारा अडकवण्याच्या कडेला चीर गेली असेल, तारांची भोके लांबट झाली असतील, वाटीची बैठकच मोठी होऊन वाटी सैल राहत असेल किंवा फ्रीव्हीलचे आटे गेले असतील, तर हब बदलावा लागतो. त्या वेळी तारांची भोके रीमशी जुळली पाहिजेत; ४० भोकांचा हब ३६ भोकांच्या रीमला चालत नाही. सगळ्या तारा सोडवून चाक नव्याने विणावे लागते आणि मजुरी हबच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकते. अलीकडच्या गिअरच्या सायकलींच्या काही हबांत बंद बेअरिंग असते. त्याची जुळवणी करता येत नाही, खराब झाले की ते पूर्ण काढून त्याच क्रमांकाचे दुसरे ठोकतात. वाटी-कोनाच्या हबला मात्र थोडी झीज असताना कोन आणि छर्रे, त्यानंतर वाट्या, आणि या दोन्हींनी काम भागत नसेल तेव्हाच नवा हब, हा क्रम खर्चालाही परवडतो आणि चाकालाही मानवतो.